सकाळचं भरणं

हंडा गळ्यापर्यंत आला आणि पाणी गेलं. धार आधी दोऱ्याएवढी झाली, मग तुटली, आणि नळाच्या तोंडाला एक थेंब लोंबत राहिला, तोही पडेना. इंदुबाई हंड्याच्या काठावर हात ठेवून तशीच उभी. गावात पाणी जायचं ते सांगून जायचं. नळ आधी खोकायचा, मग पाइपातून वारा सूं सूं करत यायचा, आणि आळीतल्या बायका एकमेकींकडे न बघता आपापला हंडा पायाने पुढे सारायच्या. हे जाणं तसलं नव्हतं. चालू बोलण्यात कोणी तोंडावर हात ठेवावा, तसं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीत बसवलेली काचेची पाटी उजळली आणि आतली बाई, पुण्याकडचीच असणार, शब्द साखरेत घोळवून बोलली, "आपल्या घरात पाण्याची गळती असण्याची शक्यता आहे. पाणीपुरवठा थांबवण्यात आला आहे. कृपया खात्री करून हिरव्या खुणेवर बोट ठेवावे."

"गळती तुझ्या घरात असंल," इंदुबाई म्हणाली.

बाईने ऐकलं नाही. हिरवी खूण काचेवर लहान-मोठी, लहान-मोठी होत राहिली, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी. इंदुबाईने तिच्याकडे पाठ केली. बोट ठेवायला ते काय देवाचे पाय होते? जमीन तिची. या जमिनीत तिच्या नवऱ्याने, काळुरामने, पांढरा कांदा लावला होता, मग रामवाडीच्या हायवेला गाड्या वाढल्या तशी तीच जमीन शहरात येऊन उभी राहिली, आणि थोरल्या पोराने, प्रविणने, तिच्यावर ही सात मजल्यांची इमारत बांधली. पहिल्या मजल्यावरचं हे घर तिचं. वर गच्चीवर उन्हाची वीज, खाली जमिनीच्या पोटात पावसाच्या पाण्याची टाकी, न्हाणीघरातलं वापरलेलं पाणी गाळून परत संडासात, आणि प्रत्येक घराच्या पाण्याला आणि विजेला एकेक डोळा. माणूस जिन्यात आलं की दिवा लागतो, गेलं की जातो. लोक गाड्या थांबवून बघतात. आणि त्या इमारतीने तिच्याच घराचं पाणी कापलं.

सकाळचं भरणं हे तिचं चहाच्याही आधीचं काम. कालचं पाणी शिळं. ते ओतायचं, भांडी राखेने नाही तर हल्ली त्या हिरव्या साबणाने घासायची, आणि घागर, कळशी, दोन हंडे, तांब्याचं पिंप, गॅलरीतला ड्रम असं सगळं नव्याने काठोकाठ भरून झाकायचं. भरलेल्या भांड्यांची ओळ एकदा डोळ्यांखालून गेली की मग बाकीचा दिवस तिला आपल्या ताब्यात वाटतो. सून नम्रता, प्रविणची बायको, इथं राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, "आई, इथं चोवीस तास पाणी आहे. नळ सोडला की आहे. भरून कशाला ठेवायचं, पाणी काय पळून जातंय?" इंदुबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. "तुझा जलमच पेन शेराच्या नलाखाली झाला गो. पानी पलतं का बसतं, तुला काय ठावं?" नम्रता त्यानंतर बोलली नाही. पण बोलली होती त्यात खोट नव्हती, हे इंदुबाईला कळत होतं. कळलं म्हणून हात थांबत नाहीत. खारेपाटात ती लग्न होऊन आली तेव्हा चारी बाजूंना पाणी होतं, खाडी अंगणापर्यंत यायची, आणि प्यायला घोटभर नव्हतं. मिठागरात दिवसभर उभं राहून आलेल्या बाईच्या पायांच्या भेगांत मीठ बसायचं, आणि ते धुवायला गोडं पाणी मागायची कोणाची छाती नव्हती. त्या बाईचे हे हात. चोवीस तास म्हणजे किती, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

या यंत्रांना हो म्हणणारीही तीच होती, कोणी फसवून लावली नव्हती. प्रविणने कंपनीची माणसं आणली, त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली, इंग्रजीत बोलली, मग तिच्यासाठी मराठीत बोलली, ते इंग्रजीहून कठीण होतं. ती पदर खोचून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे उघाडीच की." त्या माणसांना उघाडी ठाऊक नव्हती. तिने सांगितलं: खाडीच्या बांधाला दार असतं, लाकडाचं. ओहोटीला शेतातलं पाणी ते दार ढकलून बाहेर जातं, भरती आली की भरतीच दार दाबून बंद करते. कोणी माणूस लागत नाही, कोणाला उठवावं लागत नाही. पाण्याला पाण्यानेच अडवायचं. "तुमचीबी तसलीच दारं. फकस्त तारा लय." ती माणसं हसली, मग खरंच असं आहे का म्हणून आपापसात बोलली, आणि प्रविणचा चेहरा फुलला होता. ती मात्र हसली नव्हती. तिला एकच विचारायचं होतं, आणि तिने ते राहायला आलेल्या लोकांच्या पहिल्या सभेत सगळ्यांसमोर विचारलं: हे दार माणूस बघून उघडणार की पाणी बघून? नात किमया, प्रविणची मुलगी, हे सगळं बसवून देणाऱ्यांबरोबर काम करत होती, ती म्हणाली, "पाणी बघून, आजी." तेव्हा इंदुबाई उभी राहून म्हणाली होती, "मंग नेम सगल्यांना येकच. मालक नाय, भाडोत्री नाय, वरचा नाय, खालचा नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दाराची घंटा वाजली आणि किमयाच आत आली, केस ओले, हातात फोन. तिला वर चौथ्या मजल्यावर बसून कळलं होतं.

"आजी, गळती नाही ना? तू भरत होतीस ना?"

"नाय, नाचत होतू."

"सॉरी गो. आजपासून व्हॉल्व चालू केले. इतके दिवस ते नुसतं बघत होतं, शिकत होतं. आजपासून बंद करायला लागलं. एका दमात ठरल्यापेक्षा जास्त पाणी गेलं की त्याला वाटतं पाइप फुटला. तू फक्त त्या हिरव्यावर बोट ठेव, की गळती नाही, मीच आहे. लगेच येईल."

"तू ठेव."

"तुझ्या घराचं तूच ठेवायचं असतं."

"मंग र्‍हाऊ दे बंद."

किमया हसत ओट्याला टेकली. ही पोरगी रागवत नाही, हाच तिचा कपटीपणा. तिने फोन आजीच्या समोर धरला. काळ्या काचेवर एक निळी रेघ होती. सपाट जायची, एकदम उठायची, उंच टेकडी व्हायची, मग पडायची, आणि पुन्हा सपाट. पुढे पुन्हा टेकडी. पुन्हा. "ही तू," किमया म्हणाली. "रोज सकाळी. सगळ्या बिल्डिंगमध्ये एवढी उंच कोणाचीच नाही. समोरच्यांच्या घरात पाच माणसं आहेत, तरी त्यांची बघ, केवढीशी." इंदुबाईने बघितलं. भरणं हे तिच्या मनात सकाळचं एक काम होतं, अंगाला झालेली सवय; त्याला उंची असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. हे एवढं आपण रोज ओततो? एकेक भांडं ओतताना ते एवढं कधीच दिसलं नव्हतं, कारण लगेच दुसरं भरायला घेतलेलं असायचं. किमया बोटाने रेघ मागे मागे सरकवत गेली, आणि तेवढ्यात इंदुबाईला मधेच एक जागा दिसली, जिथे टेकडीच नव्हती. दोन टेकड्यांएवढी मोकळी जागा.

"हितं काय झाला?"

"तू आजारी होतीस ना, दिवाळीनंतर. सकाळी रेघ उठलीच नाही, म्हणून तर मी धावत आले पेज घेऊन."

इंदुबाईने फोनवरची नजर काढली. ती सकाळ तिला लख्ख आठवत होती. अंगात ताप, उठायची ताकद नाही, कोणाला हाक मारायची नाही असं ठरवून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि दार उघडून ही पोरगी आली, न बोलावता, हातात पेजेचं भांडं. त्या दिवसापासून इंदुबाईने ती गोष्ट मनात जपून ठेवली होती. रोह्याला भावाकडे गेली तेव्हा भावजयीला सांगितली होती: नातीच्या पोटात कळलं बघ, रक्त असतं ते. आता कळलं, पोटात नाही, फोनमध्ये कळलं. तिला वाटलं, आपल्या गळ्यातलं काहीतरी कोणीतरी अलगद काढून घेतलं आणि म्हणालं, हे तुमचं नाही, हे यंत्राचं. तिने पोरीकडे बघितलं. ओल्या केसांतून पाण्याचा एक ओघळ तिच्या मानेवरून खाली चालला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती. मग इंदुबाईच्या मनात आलं, रेघ उठली नाही हे त्या काचेला दिसलं असेल. पण पेज काचेने नाही शिजवली. सकाळी उठून आजीची रेघ बघायची, हे कोणी तिला पगारात सांगितलं होतं? ती गोष्ट तिने पुन्हा आपल्याकडे ओढून घेतली, थोडी चुरगळलेली, पण घेतली.

"चल, जा आता. तुझा बापूस वर येईल बोंबलत," ती म्हणाली. "जनूमामा यायाचे हायत आज."

तेच तर होतं. आज जनू येणार होता, तिचा पाठचा भाऊ, रोह्याहून. नदीच्या अंगाला त्याची जमीन होती, आणि प्रविणला तिथे अशीच दुसरी इमारत उभी करायची होती. जनू कोणावर विश्वास ठेवणारा नव्हता. दोघा-तिघांनी गोड बोलून त्याला आधी नाडलं होतं. फोनवर तो बहिणीला म्हणाला होता, "मना त्या तारांतला काय कलत नाय, बाय. प्रविण तुझा पोरगा हाय, माझा भाचा हाय, पन बिल्डर हाय. तू हां बोल, मी जमीन देतो. तू नाय बोल, विषय संपला." म्हणजे आज जनूची जमीन तिच्या जिभेवर होती. आणि तिच्या घरात चहाला पाणी नव्हतं. होतं म्हणा, हंडा गळ्यापर्यंत होता. पण व्हॉल्व बंद असताना त्या हंड्यातलं पाणी काढणं तिला पटेना. ते पाणी आता उरलेलं पाणी झालं होतं, आणि उरलेल्या पाण्याचा तांब्या पाहुण्यापुढे ठेवायचे दिवस तिने मागे टाकले होते.

व्हॉल्व. हा शब्द तिला कंपनीच्या माणसांनी शिकवला नव्हता. तो तिला मोरूने शिकवला. मोरू गावच्या पाण्याचा माणूस, खांद्यावर इंग्रजी टी च्या आकाराची लोखंडी चावी, तोंडात तंबाखू, चालण्यात असा तोरा की जणू धरण त्याच्या लेंग्याच्या नाडीला बांधलंय. रस्त्याच्या कडेला सिमेंटचं झाकण, झाकणाखाली चाक, आणि चाकावर मोरूचा हात. वरच्या आळीकडे चाक किती वेळ फिरलेलं राहायचं आणि खालच्या आळीकडे किती, हे पाण्यावर ठरायचं नाही. मोरूला कोणी मटण घातलं, कोणी भाऊ म्हटलं, कोणाच्या दारात बसून त्याला मान मिळाला, यावर ठरायचं. खालच्या आळीतल्या बायका त्याला लांबूनच हाक मारायच्या, "मोरूभाऊ, वाईच सोडा ना." आवाजात असं काही आणून, की ऐकताना इंदुबाईच्या पाठीवर काटा यायचा. ती म्हणाली नाही. एकदाही नाही. ती दुसऱ्या वाडीच्या विहिरीवर जायची, उन्हात, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक, पण मोरूपुढे आवाज बारीक केला नाही. सासू शिव्या घालायची, तुझ्या नाकापायी घर तहानलंय म्हणून. आणि मग सासूच गेली, तेराव्याला गाव जेवायचं होतं, आणि मोरूने न मागता खालच्या आळीचं चाक सोडून ठेवलं. पाणी नुसतं वाहत होतं, मांडवात चिखल झाला. त्या दिवशी इंदुबाईला तो देवासारखा वाटला. तो देव पुढे म्हातारा होऊन मरेपर्यंत भेटेल तिथे बोलायचा: "तुमच्या तेराव्याला मीच पानी दिला, ध्यानात हाय ना वयनी?" बाजारात बोलायचा, देवळात बोलायचा, लोकांच्या मुलांच्या लग्नात बोलायचा. त्याने अडवलेल्या पाण्याचं ओझं तिने डोक्यावरून वाहिलं आणि उतरवलं. त्याने दिलेल्या पाण्याचं उतरलंच नाही.

प्रविण आला तो बूट न काढता. "आई, किमया सांगत होती. अगं साधी गोष्ट आहे, मला हाक मारायचीस." तो घामेजला होता, तो लहानपणापासून, काही लपवायचं असलं की आधी घामेजायचा. "हे बघ, तू ते बोटबिट काही ठेवू नकोस. मी खाली ऑपरेटरला सांगतो, तुझं घर त्यातनं काढून टाकतो. एक मिनिटाचं काम. तुला पाहिजे तेवढं पाणी वापर, कोण विचारणार नाही. जमीन आपली, बिल्डिंग आपली. आणि खालच्या टीव्हीवर सगळ्या घरांचे चौकोन दिसतात ना, त्यात आपला आत्ता लाल झालाय. तोही जाईल. मामा मघाशीच कासू गावापर्यंत पोचलेत, फोन आलेला. त्यांनी आल्या आल्या आपलंच घर लाल बघायचं म्हणजे..."

"म्हंजे काय?"

"म्हणजे बरं दिसत नाही."

"कुनाला?"

प्रविणने रुमालाने मान पुसली. "मामांना. त्यांना वाटेल, मालकाच्या आईचंच पाणी बंद पडतं, मग आपलं काय."

वाटेल खरं. इंदुबाईने बाल्कनीच्या दारातून बाहेर बघितलं. समोर हायवेवर गणपतीच्या मूर्तींनी भरलेला टेम्पो चालला होता, अजून रंग न लावलेल्या, पांढऱ्याफटक, सगळ्यांचे डोळे मिटल्यासारखे. लाल चौकोन तिलाही सहन होत नव्हता. साऱ्या इमारतीत तिचं एकटीचं घर लाल, आणि खाली जाणारी-येणारी प्रत्येक बाई ते बघणार. ती बँकेतली, ती मास्तरीण, तो तिसऱ्या मजल्यावरचा भाडोत्री हर्षद, ज्याने जिन्यात चपला ठेवल्या म्हणून तिने त्याला चार लोकांत झापलं होतं. एक मिनिटाचं काम. पोरगा आपला, त्याच्या हातात चाक, आणि तो न मागता सोडायला निघाला होता. चेहऱ्यावर तीच माया, तोच उतावीळपणा. त्याच्या खांद्यावर लोखंडी चावी नव्हती एवढंच. तिला एकाएकी दिसलं, उद्या ती बँकेतली आपल्या दारात येईल आणि आवाज बारीक करून म्हणेल, इंदुबाई, प्रविणभाऊंना सांगा ना वाईच, आमच्याकडे पाहुणे आहेत. मग मास्तरीण येईल. मग हर्षद, पेढे घेऊन. आणि प्रविण कोणाचं सोडेल, कोणाचं नाही. वर्षभरात या काचेच्या, तारांच्या, उन्हावर चालणाऱ्या इमारतीत खालची आळी आणि वरची आळी तयार होईल, आणि वरच्या आळीत पहिलं घर तिचं असेल. पण त्या चित्राखाली दुसरंही काही होतं, आणि ते तिला हळूहळू कळत गेलं, उन्हाने अंग तापत जावं तसं. आयुष्यभर तिने एक पाणी सोडणारा शोधला होता, ज्याला मटण चालत नाही, ज्याला भाऊ म्हटलेलं ऐकू येत नाही, जो मालकिणीचं नाक बघून चाक फिरवत नाही. तो सापडला होता. आणि पहिल्याच दिवशी त्याने पहिला हात तिच्यावर टाकला होता. ती घाबरणारी बाई नाही हे सारं पेण जाणतं. पण तिला न घाबरणारं आजवर कोणी निघालं नव्हतं. तिला हसू आलं. ते तिने गालातच ठेवलं, प्रविणला कशाला द्या.

"चपला कुठं माझ्या?" ती म्हणाली.

"कुठे चाललीस? आई, सांगू ना ऑपरेटरला?"

"सांगून बघ. तंगडं मोडीन दोघांचंबी."

खाली लॉबीत गार होतं. जनू आधीच येऊन उभा होता, धोतर टाकून आता पॅन्ट घालायला लागला होता, पण उभा तसाच, बांधावर उभा राहतो तसा, एक पाय जरा पुढे. बरोबर त्याचा मुलगा हरेश आणि गावचे आणखी दोघे. किमया त्यांना टीव्हीसमोर काहीतरी समजावत होती आणि इंदुबाईला बघून गप्प झाली. भिंतभर चौकोन होते, हिरवे, हिरवे, मधेच एखादा पिवळा, आणि खालच्या ओळीत एकच लाल, जास्वंदीसारखा. सगळे त्याच्याकडेच बघत होते. हिरव्याकडे कोण बघतो. प्रविण मागून आला आणि चार पावलं अलीकडेच थांबला.

"बाय," जनू म्हणाला, "समदी हिरवी हायत. ही येकच लाल कोन गो?"

"ती मी," इंदुबाई म्हणाली.

जनूने टीव्हीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग मागे प्रविणकडे. "तू? तुझीच जमीन ना ही?"

"माझीच. सकाली पानी जास्ती वतलं, म्हनून माझा नल बंद केला. बिल्डरच्या आयचा नल. ह्यो पोरगा," तिने मान न वळवता मागे हात केला, "मगाशी वर आलेला, बोल्ला, पुसून टाकतो, मामाला दिसाला नको. मी बोल्लू, मामालाच तर दिसाला पायजे. जनू, ज्या दिवशी हितं मी हिरवी आनि बाकीचे लाल दिसतील ना, त्या दिवशी तू तुझी जमीन परत माग. आज दे."

हरेश खाली बघून हसला. प्रविणचा घाम लॉबीच्या गारव्यातही दिसत होता, पण तो पुढे आला आणि आईच्या बाजूला उभा राहिला, आणि इंदुबाईला ते आवडलं. जनू बराच वेळ त्या लाल चौकोनाकडे बघत राहिला, मिठाच्या राशीचा अंदाज घ्यावा तसे डोळे बारीक करून.

"मंग आमाला चाय काय मिलनार नाय वाटतं," तो शेवटी म्हणाला.

"किती वेळ ठेवायचं बोट त्या हिरव्यावर, किमया?" इंदुबाईने विचारलं.

"नुसतं टेकवायचं, आजी."

"चल जनू वर," ती म्हणाली. "पानी बंद हाय. दोघं मिलून चालू करू."